शनिवारी बाबा माझे

१९५६च्या मे दिनाला पश्चिम जर्मनीतल्या कामगार संघटनांच्या महासंघाने एक भित्तिपत्रक काढलं. त्यावर एक लहानगा मुलगा होता आणि त्याचं म्हणणं एवढंच, की शनिवारी बाबा माझे. त्या काळी तिथला कामगार आठवड्याला ४८ तास राबत असे आणि शनिवारही कामाचाच दिवस असे. महासंघाला पाच दिवसांचा, ४० तासांचा आठवडा हवा होता. उत्पादन, नफा, मजुरीचे दर यांची आकडेमोड बाजूला ठेवून त्याने मालकांपुढे एक पोरगं उभं केलं. आता नाही म्हणायचं तर त्या पोराला नाही म्हणावं लागणार होतं! तरीही मागणी एका दमात पदरात पडली नाही. धातुउद्योगात ४० तासांचा आठवडा यायला १९६७ उजाडलं. पुढे १९८४ मध्ये ३५ तासांसाठी मोठा संप झाला आणि त्याची मोठी झळ स्टुटगार्टच्या परिसरातल्या मोटारींच्या आणि सुट्या भागांच्या कारखान्यांना बसली. संपाची खूण होती ३५चा आकडा आणि हसरा सूर्य. जवळपास सात आठवड्यांनी तडजोड झाली ती साडेअडतीस तासांवर. पश्चिम जर्मनीतल्या धातुउद्योगात ३५ तास पुरते लागू झाले ते १९९५ मध्ये. भित्तिपत्रकावरच्या मुलाच्या वयाची पिढी तोवर स्वतः चाळिशी ओलांडून गेली होती.

हा इतिहास मराठी वाचकाला सांगायचं कारण आहे. स्टुटगार्ट आणि मुंबई ही १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. मर्सिडीझ आणि बॉश या मूळच्या स्टुटगार्टकडच्या कंपन्यांचे कारखाने चाकणला आहेत, त्यामुळे पुण्याहून तिकडे जाणाऱ्या इंजिनिअरांची वाट जुनी आहे. २००० साली जर्मनीने संगणक क्षेत्रासाठी ग्रीन कार्ड काढलं, २०१२ मध्ये ब्लू कार्ड आलं, आणि आज जर्मनीत भारतीय नागरिकांची संख्या अडीच लाखांच्या वर आहे. त्यांतली बरीच जोडपी तिशीतली, एक-दोन लहान मुलं असलेली. त्यांचे फोटो घरच्या ग्रुपवर येतात. संध्याकाळचे सहा वाजलेत, ऊन अजून डोक्यावर आहे, बाबागाडी झाडाला टेकवलीय, मूल वाळूत खेळतंय आणि दोघं बाकावर निवांत बसलीत. इकडे त्यावर दोन ठरलेल्या प्रतिक्रिया उमटतात. एक कौतुकाची, की मजा आहे बुवा यांची. दुसरी मनातल्या मनात, की तिकडे गेले आणि पार तिकडचे झाले. दोन्ही प्रतिक्रिया वरवर उलट दिसल्या तरी त्यांचं गृहीत एकच आहे. ही संध्याकाळ त्या दोघांच्या स्वभावातून, हौसेतून किंवा बदललेल्या वृत्तीतून आली, असं दोन्ही धरून चालतात. माझं म्हणणं असं, की त्या संध्याकाळीत जोडप्याचा वाटा फार थोडा आहे. ती त्यांना बरीचशी तयार मिळाली. कायद्याने, कामगारांच्या संपाने, नगरपालिकेने आणि शेजाऱ्यांशी झालेल्या कोर्टकचेऱ्यांनी ती आधीच घडवून ठेवली होती. आणि जिथे ती मिळत नाही, तिथेही दोष जोडप्याच्या स्वभावाचा नसतो.

म्युनिकचं बिअर गार्डन हे याचं चांगलं उदाहरण आहे. नाव ऐकून आपल्याकडच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे परमिट रूमचा अंधार आणि चकण्याच्या बशा येतील. प्रत्यक्षात ती मोठाल्या झाडांखालची, खडी पसरलेली उघडी जागा असते. लांब लाकडी मेजं आणि बाकं, एकेका मेजावर दोन-तीन अनोळखी कुटुंबं, आणि बऱ्याच ठिकाणी आवारातच झोके, घसरगुंडी, वाळूचा खड्डा. हिर्शगार्टन या सर्वांत मोठ्या बागेत सुमारे ८००० माणसं बसू शकतात, आणि कुंपणापलीकडे हरणं चरत असतात. मोठ्यांचं पिणं होईपर्यंत मुलांना गुंतवायला याहून चांगली सोय कुठली? इंग्लिश गार्डनमधल्या चिनी मनोऱ्याजवळ १९१३ सालचं लाकडी चक्रपाळण्यासारखं फिरतं खेळणं अजून चालू आहे. ही झाडं शोभेसाठी लावलेली नव्हती. उन्हाळ्यात बिअर गाळायला बंदी असे, म्हणून हिवाळ्यात केलेली बिअर जमिनीखालच्या तळघरांत साठवायची, आणि तळघर थंड राहावं म्हणून वर चेस्टनटची गर्द सावली. लोक तिथे येऊन पिऊ लागले तसे गावातल्या खाणावळवाल्यांचे धंदे बसू लागले. तक्रार राजापर्यंत गेली. १८१२ मध्ये बव्हेरियाचा राजा पहिला माक्सिमिलियान याने तोड काढली, की तळघरावर बिअर विकावी, पण पावाखेरीज जेवण विकू नये. मग लोक घरूनच डबा आणू लागले. पुढे तिथे जेवणही मिळू लागलं, पण डबा आणायचा हक्क राहिला आणि १९९९च्या राज्याच्या नियमावलीने तो बिअर गार्डनच्या व्याख्येतच घातला. त्यामुळे आज पुण्याहून गेलेली बाई थालीपीठं आणि दह्याची डबी घेऊन तिथे उजळ माथ्याने बसते. पेय तेवढं विकत घ्यायचं, तेही सफरचंदाचा रस आणि सोडा चालतो. चार माणसांची संध्याकाळ दोन-तीन पेयांच्या पैशांत होते, आणि मुलाने ताटातलं अर्धं टाकलं म्हणून जीव जळत नाही.

ही बागसुद्धा आपोआप टिकली नाही. १९९५ मध्ये म्युनिकजवळच्या एका बागेच्या शेजाऱ्यांनी गोंगाटाविरुद्ध दाद मागितली आणि न्यायालयाने रात्री साडेनऊला ती बंद करायला सांगितलं. जूनमध्ये तिथे सूर्य मावळतो सव्वानऊच्या सुमारास! मे महिन्यात हजारो लोक म्युनिकच्या रस्त्यावर उतरले. सरकारने नियम केला आणि पुढे कोर्टाच्या आणखी फेऱ्यांनंतर १९९९ची नियमावली आली. तिने संगीत दहाला थांबवलं आणि पेय द्यायची मुदत साडेदहापर्यंत नेली. गंमत अशी, की शेजाऱ्यांची झोप हाही तिथे मोठा हक्क मानला जातो. रात्री दहानंतरच्या शांततेबद्दल जर्मन माणूस किती काटेकोर असतो हे तिथे भाड्याने राहिलेल्या कोणालाही विचारावं. म्हणजे दोन हक्कांची टक्कर झाली आणि एक वेळ लिहून ठरली. मुलांच्या बाबतीत असंच २०११ मध्ये झालं. पाळणाघरं आणि खेळाची मैदानं यांच्या आवाजाविरुद्ध लोक कोर्टात जात. तेव्हा केंद्रीय कायद्यात दुरुस्ती होऊन मुलांचा आवाज हा सर्वसाधारणपणे पर्यावरणाला हानिकारक उपद्रव मानू नये, असं लिहिलं गेलं. ‘लहान मुलं, आवाज करणारच’ असं आपल्याकडे आजीसुद्धा म्हणते. तिथे ते कायद्याच्या पुस्तकात छापावं लागलं. यात हसण्यासारखं काही नाही. दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात ओरडणारं मूल सांभाळणाऱ्या परदेशी आईला आजीच्या वाक्यापेक्षा छापील कलमाचा आधार मोठा वाटतो.

उन्हाळ्याच्या फोटोंनी फसू मात्र नये. डिसेंबरात म्युनिकला साडेचारच्या आतच अंधारतं आणि बाग बंद असते. मग पालकांची संध्याकाळ पोहण्याच्या झाकलेल्या तलावावर किंवा वाचनालयाच्या मुलांच्या कोपऱ्यात जाते. हेही बहुधा नगरपालिकेचंच. ११ नोव्हेंबरच्या सुमारास संत मार्टिनच्या दिवशी पाळणाघरांतली मुलं स्वतः रंगवलेले कागदी आकाशकंदील काठीला लावून अंधारात गाणी म्हणत फिरतात. दिवाळी बहुधा नुकतीच होऊन गेलेली असते, त्यामुळे मराठी घरातल्या मुलाला लागोपाठ दोनदा कंदील मिळतो.

आता स्वयंपाकघराकडे येऊ, कारण संध्याकाळीचा खरा निकाल तिथे लागतो. जर्मन घरातलं रात्रीचं जेवण परंपरेने थंड असतं. पाव, लोणी, चीज, मांसाचे काप, काकडी, लोणच्यातल्या मिरच्या. जे आहे ते मेजावर मांडायचं आणि ज्याचं त्याने लावून घ्यायचं. कारखान्यांत आणि कचेऱ्यांत दुपारी गरम जेवण मिळू लागलं तशी ही पद्धत पक्की झाली. मुलांनाही पाळणाघरात बहुधा दुपारचं गरम जेवण मिळतं. परिणाम असा, की सात वाजता त्या घरात कोणी ओट्याशी उभं नसतं. आपल्या घरात त्याच वेळी कुकरच्या शिट्ट्या होत असतात, कणीक भिजत असते, आणि ‘गरम पोळी वाढ गं’ ही हाक अजून पुरती गेलेली नाही. संध्याकाळी बाहेर पडणं म्हणजे एक तर सगळं आधी करून ठेवणं, नाही तर परत आल्यावर नऊला पोळ्या लाटणं. दोन्हींत बाहेर जाण्याचा आनंद कोणाच्या मनगटातून निघतो ते उघड आहे. परदेशी गेलेल्या मराठी जोडप्यांत जो खरा बदल होतो तो मला कपड्यांत किंवा भाषेत दिसत नाही, तो इथे दिसतो. आठवड्यातले दोन-तीन दिवस रात्री पावावर भागवायचं, भारतीय दुकानातल्या गोठवलेल्या पोळ्यांचं पाकीट ठेवायचं, रविवारी उसळ-आमटी दोघांनी मिळून करून डब्यांत भरायची. हाताखाली कामाला मावशी नाहीत. २०२५ मध्ये जर्मनीत किमान वेतनच तासाला १२.८२ युरो होतं, त्यामुळे धुण्याभांड्याला रोज माणूस ठेवणं बहुतेकांना परवडत नाही. मग पुरुषाला भांडी मशीनमध्ये लावावी लागतात, आणि लावता लावता ती लावायची सवय होते. जर्मनीत गेल्यामुळे तो अधिक समजूतदार झाला असं मानण्याची गरज नाही. इकडे त्याच्या वाटचं काम दुसरी एक बाई कमी पैशांत करत होती, एवढाच फरक.

इथे एक आक्षेप हमखास येतो. हे सगळं त्यांच्या संस्कृतीत आहे, आपली रीत वेगळी. आपण कुटुंबवत्सल, आपल्याला अशा ठरवून काढलेल्या संध्याकाळी लागत नाहीत. यातला पहिला भाग १९५६च्या भित्तिपत्रकाने खोडलेलाच आहे. शनिवारची सुट्टी संस्कृतीत असती तर ती मागावी लागली नसती. दुसराही फारसा टिकत नाही. पुण्याची सारसबाग, मुंबईची चौपाटी, गावोगावच्या नदीकाठच्या बागा या मध्यमवर्गीय मराठी पालकांच्या संध्याकाळीच तर होत्या. भेळ, फुगा, थोडं गवत, आणि आठच्या आत घरी. महाराष्ट्रातल्या काही नाट्यगृहांत रडणाऱ्या मुलाला घेऊन बसायला काचेची वेगळी खोली केलेली असे, म्हणजे आईचं नाटक बुडू नये आणि बाकीच्यांनाही त्रास होऊ नये. ही कल्पना कुठल्याही युरोपीय नगररचनाकाराला शोभली असती. आवड आपल्याकडेही होती. घटली ती जागा आणि वेळ. कचेरीतून घरी यायला दीड तास लागत असेल, फुटपाथवर बाबागाडी ढकलता येत नसेल आणि मुलाला खेळायला मॉलमधल्या तासावर पैसे घेणाऱ्या जागेखेरीज काही नसेल, तर त्या पालकांना कुटुंबवत्सल म्हणून काय उपयोग? स्टुटगार्टमध्ये बस थांब्याकडे झुकते, मधल्या दाराशी बाबागाडीची जागा असते आणि सहा वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही. दहा मिनिटांत बाग गाठता आली की ‘चल, जरा जाऊन येऊ’ असं म्हणता येतं. एकत्र कुटुंबाची बाजू घेणाऱ्यांनी आणखी एक आठवावं. त्या घरात मूल सांभाळायला माणसं होती हे खरं, पण सुनेने नवऱ्याबरोबर संध्याकाळी फिरायला जायचं तर परवानगीचा प्रश्न असे, आणि दिवेलागणीची वेळ तिच्या कामाचीच वेळ असे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. आजी-आजोबा नसलेली संध्याकाळ ती कसली? याला झटकून उत्तर देता येणार नाही. मूल व्हायच्या सुमारास आई येते, तीन महिने राहते. ती परतली की सासूबाई येतात. डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, मालिशचं तेल बॅगेतून जातं. तीन महिनेच, कारण शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसांच्या वर राहता येत नाही. त्या सहा महिन्यांनंतर घरात दोन माणसं आणि एक तान्हं मूल उरतं. जर्मनीने १ मार्च २०२४ पासून नव्याने परवाना घेणाऱ्या कुशल कामगारांना आईवडिलांना, आणि जोडीदारही तिथेच असेल तर सासूसासऱ्यांना, कायम बोलावून घेण्याची वाट उघडली. पण त्यांच्या पोटापाण्याची आणि आरोग्यविम्याची पूर्ण सोय दाखवावी लागते. सत्तरीच्या माणसाचा विमा तिथे नव्याने उतरवणं हेच घोडं अडण्याचं ठिकाण आहे. म्हणून दोघांनीच सिनेमाला जाणं, जे पुण्यात ‘आई, जरा बघ हं याच्याकडे’ एवढ्या वाक्यात जमतं, ते तिथे महाग पडतं. मूल सांभाळायला येणाऱ्या विद्यार्थिनीला चार तासांचे पैसे द्यायचे, वर तिकिटं. परदेशातले बहुतेक तरुण पालक बाहेर जातात ते मुलाला घेऊनच, सहा ते आठच्या दरम्यान, आणि मूल झोपलं की त्यांचाही दिवस संपतो. महाराष्ट्र मंडळांतल्या ओळखींतून दोन-तीन कुटुंबं एकमेकांची मुलं आळीपाळीने सांभाळतात, गणपतीत आणि कोजागरीला सगळी एकत्र जमतात. ते उपयोगी आहे, पण आजीची जागा त्याने भरत नाही. फोटोतल्या बाकावर दोघंच का बसलीत याचं उत्तर पुष्कळदा प्रेमात नसतं, व्हिसाच्या नियमात असतं.

तिसरा आक्षेप बाहेरून कोणी घेत नाही, तो आतूनच घ्यायला हवा. या संध्याकाळीची किंमत कोण मोजतं? जर्मनीत अल्पवयीन मुलं असलेल्या नोकरदार आयांपैकी सुमारे दोन तृतीयांश अर्धवेळ काम करतात. बापांमध्ये हे प्रमाण दहांत एकाहूनही कमी आहे. म्हणजे सहा वाजता बाबा मोकळे होतात आणि आई तीनलाच पाळणाघराच्या दारात उभी असते. मूल वर्षाचं झालं की पाळणाघरात जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क १ ऑगस्ट २०१३ पासून आहे. जागा न दिल्याने आईचा पगार बुडाला तर नगरपालिकेकडून भरपाई मागता येते, असं सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१६ मध्ये म्हटलं. तरी माणसांच्या तुटवड्यामुळे रांगा संपत नाहीत, आणि जागा मिळाली तरी ‘आज दोन शिक्षिका आजारी, मुलाला दुपारीच न्या’ असा निरोप येतो. नवऱ्यामागे गेलेल्या मराठी मुलीचं दुखणं याहून वेगळं. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला काम करण्याची मुभा पहिल्या दिवसापासून असते, पण जर्मन येत नसेल तर ती कागदावर राहते. पुण्यात चांगली नोकरी सोडून आलेली बाई दिवसभर तान्ह्या मुलाशी एकटी असते. तिच्यासाठी संध्याकाळ म्हणजे दिवसातलं पहिलं मोठ्या माणसाशी बोलणं. ‘किती मजेत आहात’ हे तिला ऐकवताना जरा जपून.

तरीही इथे कायद्याने काय साधतं याचा एक पुरावा लक्षात घेण्यासारखा आहे. २००७ पूर्वी जर्मनीत बालसंगोपनाच्या रजेच्या काळातला भत्ता घेणाऱ्यांत पुरुष शंभरात तीन-चार असत. जानेवारी २००७ पासून नवा भत्ता आला. पगाराच्या साधारण ६५ ते ६७ टक्के, महिन्याला कमीत कमी ३०० आणि जास्तीत जास्त १८०० युरो. बारा महिन्यांचे चौदा होतात, पण त्यांतले दोन दुसऱ्या पालकाने घेतले तरच. नाही घेतले तर बुडाले. फुकट जाणारा पैसा पाहून बाप घरी थांबू लागले आणि आज भत्ता घेणाऱ्यांत पुरुष सुमारे चौथा हिस्सा आहेत. त्यांतले बहुतेक दोन-चार महिन्यांवर थांबतात हे खरं. पण दोन महिने एकट्याने मूल सांभाळलेला बाप पुढे संध्याकाळी लंगोट बदलताना बायकोला हाक मारत नाही. आपल्याकडे २०१७च्या कायदादुरुस्तीने आईला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. ती जर्मनीतल्या प्रसूतीच्या सक्तीच्या रजेहूनही लांब आहे. बापासाठी मात्र खासगी नोकरीत कायद्याने काहीच नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला १५ दिवस मिळतात.

आणि पुण्याला या हिशेबातून वगळता येत नाही. स्टुटगार्टच्या कचेरीत दुपारी तीनला बैठक ठेवली, की त्या प्रकल्पावरच्या हिंजवडीतल्या मुलीच्या घड्याळात उन्हाळ्यात साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. बैठक तासाभरात संपते. स्टुटगार्टचा गडी हातातलं आवरून पाचला उठतो, मुलाला घेऊन बागेत जातो. तिथल्या कायद्याने त्याला दोन पाळ्यांमध्ये ११ तासांची विश्रांती द्यावीच लागते. हिंजवडीची मुलगी तेव्हा वाहनांच्या रांगेत असते आणि तिचं मूल आजीपाशी झोपायला आलेलं असतं. एकच कंपनी, एकच काम, कधीकधी एकाच कॉलेजातून बाहेर पडलेली दोन माणसं. परदेशातल्या संध्याकाळीचा थोडा भाग असा पुण्याच्या खात्यातून जातो. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कामाच्या दिवसाची मर्यादा दुकानं-आस्थापनांत ९ वरून १० तास आणि कारखान्यांत १२ तासांपर्यंत वाढवायला मंजुरी दिली. गुंतवणूक येईल, जादा कामाचे पैसे मिळतील, असा त्यामागचा युक्तिवाद. असेलही. पण जर्मनीतही २०२५च्या सत्तारूढ आघाडीने रोजच्या आठ तासांच्या मर्यादेऐवजी आठवड्याची मर्यादा ठेवण्याचं ठरवलं, तेव्हा संघटनांनी तत्काळ विरोध सुरू केला. रोजची मर्यादा गेली की पहिल्यांदा संध्याकाळ जाते, हे त्यांना १९५६ पासून माहीत आहे.

शेवटी एक भेद करावा लागेल, कारण येत्या काळात जर्मनीला जाणारे मराठी लोक वेगळे असणार आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी, म्हणजे स्टुटगार्टच्याच राज्याशी, कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. त्यात परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक, हॉटेलातले कर्मचारी अशी कामं आहेत. वर वर्णन केलेली सहा ते आठची संध्याकाळ कचेरीतल्या इंजिनिअरची आहे. रविवारी दुकानं बंद असतात, कारण रविवारच्या विश्रांतीचं संरक्षण वायमार संविधानापासून चालत आलं आणि आजच्या संविधानातही घेतलं आहे. दुकानातल्या बाईचा रविवार त्याने वाचतो, रुग्णालयातल्या परिचारिकेचा वाचत नाही. बिअर गार्डनमध्ये साडेदहापर्यंत बिअरचे मग पोचवणाऱ्या माणसाचाही नाही. पाळणाघरं पाचच्या सुमारास बंद होतात आणि परिचारिकेची दुपारपाळी रात्री नऊनंतर सुटते. नवरा-बायको दोघंही पाळीवर काम करत असतील तर मूल कोणाकडे, हा प्रश्न तिथे अनुत्तरित आहे. पाळणाघरांच्या वेळा वाढवायला केंद्र सरकारने २०१६ ते २०१९ एक योजना चालवली, नंतर ती संपली. लातूर किंवा कोल्हापूरची परिचारिका स्टुटगार्टला रुजू होताना भाषेची पातळी आणि पगाराचा आकडा विचारतेच. पाळणाघर किती वाजता बंद होतं आणि महिन्यात किती शनिवार कामावर यावं लागतं, हेही तिने करारावर सही करण्याआधी विचारून घ्यावं.